स्लॅबवरच्या हायड्रोपोनिक्सला सेन्सर लावायचे, पण आधी कोणता?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. गाव दर्यापूर तालुक्यात, तू पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, घरी आई एकटी. स्लॅबवर हिरव्या नेटखाली, मातीविना नुसत्या खताच्या पाण्यावर भाजी वाढवायचा (म्हणजे हायड्रोपोनिक्सचा) पीव्हीसी पाइपांचा 24 भोकांचा रॅक. पहिली खेप एप्रिलात लाईन गेली त्या एका दुपारी वाळून गेली. दुसरी डिसेंबरात लावली, बोअरच्या पाण्यात 19:19:19 हे विद्राव्य खत घालून, तर महिनाभरात पानांच्या कडा जळाल्या आणि झाडं खुरटली. आता तुला पीएच (पाण्याची आम्लता), ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप), तापमान, आर्द्रता, प्रकाश, कार्बन डायऑक्साइड असं सगळंच मोजून पुण्यात मोबाईलवर पाहायचंय. वर खत आपोआप टाकणारे पंपही हवेत. बजेट सहा हजार.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. निवृत्तीनंतर आर्वीला घराच्या स्लॅबवर सात वर्षांपासून पालक, पुदिना, सांबार आणि हिवाळ्यात लेट्यूस काढते. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्यातले तुझे रूममेट वाचत असतील तर त्यांच्यासाठी.) तुझ्या यादीतले जवळजवळ सगळे सेन्सर मी कधी ना कधी लावलेत आणि निम्मे काढून माळ्यावर टाकलेत. म्हणून यादी कापूनच सुरुवात करते.

कार्बन डायऑक्साइड सोडून दे. उघड्या स्लॅबवर तो सगळीकडे असतो तेवढाच, सव्वाचारशे पीपीएमच्या आसपास. आकडा पाहून तू करणार काय? प्रकाशाचंही तसंच. हौशी लोक वापरतात तो स्वस्तातला लक्स सेन्सर नेहमीच्या सेटिंगला पन्नास-साठ हजार लक्सच्या घरातच अडकतो आणि आपल्याकडचं भरदुपारचं ऊन लाखाच्या घरात जातं. मी तो लावला तेव्हा मार्च ते जून रोज दुपारी आलेख सपाट. ऊन जास्त आहे हे कळायला मला सेन्सर नको होता, स्लॅबवर अनवाणी पाय ठेवला तरी कळतं.

उरलेल्यांत क्रम कसा लावायचा? जे बिघडलं की झाड सगळ्यात लवकर मरतं, ते आधी मोजायचं. बाजारात क्रम नेमका उलटा आहे. "हायड्रोपोनिक्स किट" म्हणून जे विकतात त्यात पीएचचा काचेचा प्रोब पुढे असतो, कारण तो महाग आणि दिसायला शास्त्रीय. पीएच हलला तर झाड आठवडाभर कुरकुरतं. पाण्यातले क्षार वाढले तर पंधरा दिवस. पाणी तापलं तर दोन-तीन दिवस. आणि तुझ्या पाइपांमधलं पाणी थांबलं तर एप्रिलात तास-दोन तास.

म्हणून पहिल्या खेपेचं बोलू. पाइपात पाण्याची पातळ धार वाहते आणि मुळांचा वरचा भाग हवेत असतो. पंप चालू तोवर ही पद्धत सुंदर. बंद पडला की मुळांपाशी साठा असा काहीच नाही. आता मनात ती दुपार पुन्हा उभी कर, पण या वेळी तुझ्याकडे जगातले सगळे सेन्सर आहेत. पुण्यात तुझ्या मोबाईलवर "पंप बंद" असा मेसेज आला असता. खरं तर तोही आला नसता, कारण लाईनीसोबत घरचा राउटरही गेला. आला असता तरी आई त्या वेळी वावरात. तू लेक्चर सोडून फोन लावत बसला असतास, एवढंच.

दुरून दिसतं पण जवळ हात नाही, अशा घरात आधी मांडणी बदलायची, सेन्सर नंतर. पाइप काढ आणि झाकणाच्या बादल्या घे. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी रूढ केलेली पद्धत तुझ्यासाठी बरोबर आहे: बादलीत खताचं पाणी, झाकणाला भोकं, भोकात जाळीचे कप, पंप नाही, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन नाही. सुरुवातीला पाणी कपाच्या तळाला टेकतं. झाड पाणी पितं तसं ते खाली जातं, मधे ओलसर हवेची पोकळी तयार होते आणि वरची मुळं त्या हवेतून ऑक्सिजन घेतात. लाईन चार तास गेली काय नि दिवसभर गेली काय, झाडाला पत्ता लागत नाही. वीस लिटरच्या बादलीत पालकाची चार झाडं आरामात येतात, सहा बादल्यांत तुझी चोवीस भोकं भरली. एकच पथ्य: पाणी कमी दिसलं म्हणून आईने मायेने बादली पुन्हा काठोकाठ भरायची नाही. हवेला सरावलेली वरची मुळं बुडाली की गुदमरतात. भरायचंच तर पाव बादली. कपाभोवती फट राहिली तर स्पंज कोंब, नाहीतर डेंग्यूच्या डासांना घरातच पाळणाघर मिळेल.

पाइपांवर जीवच जडला असेल तर पंप 12 व्होल्टचा डीसी घे आणि 7 अँपिअर-अवरची बॅटरी लाव. 5 वॉटचा पंप 0.4 अँपिअरच्या आसपास ओढतो. बॅटरी अर्धीच वापरायची धरली तरी आठ तास निघतात. पण मी तुझ्या जागी असते तर बादल्याच घेतल्या असत्या.

बादल्यांमध्ये पहिला सेन्सर सगळ्यात स्वस्त: फ्लोट स्विच. दोन वायरी, आत एक चुंबक, कॅलिब्रेशन शून्य. झाकणातून उभा टांगायचा, पाणी तळाच्या पाव भागावर आलं की तो पडेल अशा उंचीवर. बाजूला भोक पाडून बसवायचा प्रकारही मिळतो, पण प्लास्टिकची बादली उन्हात कडक होते आणि भोकाशी तडकते. आवाजाच्या लहरींनी पाण्याची उंची मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरच्या नादी लागू नकोस. पाण्यात न बिघडणारा जो प्रकार मिळतो त्याला समोर वीसेक सेंटिमीटर मोकळी जागा लागते, त्याच्या आतलं त्याला दिसत नाही. तुझी अख्खी बादलीच दीड वीत! शिवाय झाकणाखाली वाफ धरते आणि माझ्याकडे एकदा कोळ्याने त्याच्या तोंडावर जाळं विणलं होतं, तर चार दिवस पाणी एकाच उंचीवर. मी खूष होते की झाडं काटकसरी निघाली.

आता तापमान. आपल्या भागातला खरा शत्रू हाच, आणि याच्याबद्दल थोडं जास्त बोलते.

मुळांना ऑक्सिजन लागतो आणि गरम पाण्यात तो कमी विरघळतो. 20 अंशांना लिटरमागे 9.1 मिलिग्रॅम, 30 ला 7.6, 35 ला 7 च्या आसपास. फरक लहान वाटेल, पण तापलेल्या मुळांची ऑक्सिजनची भूक त्याच वेळी वाढलेली असते. त्यातच पिथियम नावाचा मूळकूजीचा जीव अशा पाण्यात फोफावतो. पांढरी मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात आणि झाकण उघडलं की नाल्यासारखा वास येतो. पानं कोमेजतात म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. 18 ते 24 अंश उत्तम, 28 पर्यंत चालतं, 30 च्या वर मी सावध होते.

यासाठी डीएस18बी20 हा तापमानाचा सेन्सर घे, स्टीलच्या नळीतला. दीडशेच्या आत मिळतो, अर्ध्या अंशाच्या आत बरोबर दाखवतो आणि एकाच वायरीवर चार-पाच लावता येतात. डेटा आणि 3.3 व्होल्टच्या मधे 4.7 किलोओमचा रेझिस्टर विसरू नकोस. त्याचे दोन खोटे आकडे पाठ कर. -127 आलं तर वायर तुटली किंवा सुटली. नेमके 85 आलं तर सेन्सर नुकताच चालू झालाय आणि त्याने अजून मोजलेलंच नाही. माझ्या पहिल्या वर्षी रात्री अडीचला "पाणी 85 अंश" असा मेसेज आला आणि मी टॉर्च घेऊन स्लॅबवर पळाले. पाणी गारेगार, लाईन फक्त लपकली होती. हे दोन आकडे प्रोग्राममध्येच गाळून टाक.

सेन्सर पाण्याच्या मधोमध टांग, बादलीच्या भिंतीला टेकवू नकोस. मग आठवडाभर नुसता आलेख पाहा, काही करू नकोस. मला त्यातून कळलं की पाणी दुपारी बाराला नाही, साडेचार-पाचला सगळ्यात गरम असतं. मी सावली बाराला ओढायची आणि तीनला सोडायची, म्हणजे चुकीच्या वेळी. हवा 44 अंश असताना काळ्या बादलीतलं पाणी 37 वर गेलेलं त्याच आलेखात दिसलं. बादल्यांना बाहेरून चुना फासला. पांढऱ्यासाठी चुन्याइतकं स्वस्त काही नाही, फक्त आतून बादली गडदच हवी, नाहीतर उजेडाने शेवाळ धरतं. मग भोवती बारदाना गुंडाळून तो ओला ठेवला. माठ जसा गार राहतो तसंच.

पण माठाला मर्यादा असते आणि ती मोजता येते. दुसरा एक डीएस18बी20 घे, त्याच्या टोकाला कापडाची चिंधी बांध, चिंधीचं दुसरं टोक वाटीभर पाण्यात सोड आणि सावलीत वाऱ्याला ठेव. घरच्या पऱ्हाटीचा कापूस यासाठी घेऊ नकोस. कच्च्या कापसावर मेणाचा थर असतो, तो पाणी पीत नाही. धुऊन मऊ झालेलं जुनं धोतर उत्तम. हा सेन्सर जो आकडा दाखवेल त्याच्या खाली ओला बारदाना तुझं पाणी नेऊच शकत नाही. मे महिन्यात 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रतेला हा आकडा 23 च्या आसपास येतो, म्हणजे बारदान्याला भरपूर वाव. जुलैत हवा 32 आणि आर्द्रता 80 टक्के झाली की हाच आकडा 29 च्या जवळ, मग बारदाना भिजवून उपयोग नाही, उलट बुरशी धरते. पावसाळा लागला की घराघरातला कूलर नुसता चिकचिक करतो, त्याचं कारण हेच. आर्द्रतेचा वेगळा सेन्सर घेण्याऐवजी मी हा चिंधीवालाच ठेवलाय. कोरडं आणि ओलं तापमान मिळालं की आर्द्रता त्यातून काढता येते.

तरीही नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, मी भाजी काढायचा हट्ट करत नाही. बादल्या धुऊन उपड्या घालते. कोजागिरी झाली की बी टाकायचं, दिवाळीत रोपं कपात, आणि होळीपर्यंत खायचं. पहिल्या वर्षी तूही एवढंच कर.

आता दुसरी खेप, पानांच्या कडा जळाल्या ती. फोटो तू पाठवलेला नाहीस म्हणून विचारते: जुनी, बाहेरची पानं जळाली की मधली कोवळी? बाहेरच्या जुन्या पानांच्या कडा करपल्या तर क्षार. मधल्या कोवळ्या पानांची टोकं जळाली तर कॅल्शियमची कमतरता. आईला आठवत असेल, विचार. माझा अंदाज आहे की तुझ्याकडे दोन्ही झालं.

क्षारांचं कारण तुझ्या गावातच आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या या पट्ट्यात भूजल खारं आहे आणि दर्यापूर त्यातच येतं. काही बोअरचा ईसी 3 च्या वर निघतो. ईसी म्हणजे पाणी वीज किती वाहतं ते, मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये, आणि वीज वाहतात ते विरघळलेले क्षार. पालकाला खत घातल्यावर 1.8 ते 2.3, सांबाराला 1.2 ते 1.8, लेट्यूसला 0.8 ते 1.4 लागतो. तुझं पाणी खत घालायच्या आधीच 3 असेल तर ताट आधीच भरलेलं आहे, आणि तेही मिठाने. सोडियम-क्लोराइडचा ईसी आणि नायट्रेट-पोटॅशचा ईसी मीटरला सारखाच दिसतो. मीटर मोजतो, ओळखत नाही.

म्हणून पाणी बदल. स्लॅबचं पावसाचं पाणी साठव. पाचशे चौरस फुटांच्या स्लॅबवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरपेक्षा जास्त पाणी येतं आणि तुझ्या सहा बादल्यांना अख्ख्या हिवाळ्यात काही शे लिटर पुरतात. पहिल्या एक-दोन पावसांचं सोडून दे, स्लॅबवरची घाण त्यात येते. दोन झाकणबंद ड्रम भरले की झालं. पाऊस हुकला असेल तर गावातला आरओचा वीस लिटरचा कॅन, किंवा मिश्रण. मिश्रणाचं गणित सोपं: एक भाग 3 ईसीचं बोअरचं पाणी आणि चार भाग पावसाचं, ईसी 0.6 च्या जवळ येतो. आणि देशी पालकच लाव. आपण ज्याला पालक म्हणतो तो बीटच्या जातकुळीतला, खारेपणा आणि ऊन दोन्ही जास्त सोसतो. लेट्यूस तुझ्या बोअरच्या पाण्यात हात टेकेल.

कॅल्शियमचं कारण ती 19:19:19 ची पिशवी. ठिबकमधून पऱ्हाटीला सोडायला ते खत ठीक, जमिनीत कॅल्शियम असतंच. बादलीत जमीन नाही आणि 19:19:19 मध्ये कॅल्शियम नाही. दुसरी गंमत सेन्सरवाल्यांसाठी महत्त्वाची: त्यातलं अर्ध्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं आणि युरिया वीज वाहत नाही. म्हणजे ईसी मीटरला तो दिसतच नाही. मातीतले जिवाणू युरियाचं झाडाला घेता येईल असं नत्र करून देतात, बादलीत ते पुरेसे नसतात. तू मीटर पाहून खत वाढवत राहिलास तर मीटरमागे लपलेला युरियाही वाढवत राहिलास.

मी दहा लिटरला हे माप घेते: कॅल्शियम नायट्रेट 7 ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट (13:0:45) 4 ग्रॅम, मोनो पोटॅशियम फॉस्फेट (0:52:34) 2 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 4 ग्रॅम आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं पाकिटावर लिहिलंय तेवढी. ही सगळी कृषी केंद्रात मिळतात. पावसाच्या पाण्यात ईसी 1.7 च्या आसपास येतो. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या भांड्यात विरघळव आणि मोठ्या पाण्यात शेवटी घाल. दाट द्रावणं एकमेकांत ओतली तर कॅल्शियमचा पांढरा गाळ बसतो आणि तो झाडाच्या कामाचा राहत नाही.

ईसीसाठी सहा बादल्यांना सहा सेन्सर नकोत. एक बादली नाडीची म्हणून ठरव आणि एकच सेन्सर तिच्यात. स्वस्तातला टीडीएस बोर्ड (ईसी मोजून विरघळलेले क्षार पीपीएममध्ये दाखवणारा) 1000 पीपीएमपर्यंत मोजतो, म्हणजे साधारण 2 ईसी. म्हणून बोअरच्या पाण्याला तो लावून "1000 आलं, बरंय" असं समजू नकोस, तो तिथे संपलाय. पीपीएमचा आणखी एक घोळ आहे: काही मीटर ईसीला 500 ने गुणतात, काही 700 ने. एकच पाणी एका पेनवर (पेनासारख्या हातातल्या मीटरवर) 1000, दुसऱ्यावर 1400. सगळं ईसीतच लिहायची सवय लाव. कॅलिब्रेशनला 1413 मायक्रोसीमेन्सचं द्रावण विकत मिळतं. नाहीतर कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं पोटॅशियम क्लोराइड 0.745 ग्रॅम एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात घाल, 25 अंशांना तेच येतं. वजन सोनाराच्या काट्यावर कर. तापमानाची दुरुस्ती प्रोग्राममध्ये हवी, दर अंशाला साधारण 2 टक्के. नाहीतर तुझा आलेख दुपारी खत वाढल्याचं आणि पहाटे कमी झाल्याचं सांगेल, आणि बादलीत काहीच घडलेलं नसेल.

आकडा एकटा वाचायचा नसतो, पाण्याच्या उंचीसोबत वाचायचा. पाणी उतरलं आणि ईसी चढला तर झाडं पाणी जास्त पितायत, साधं पाणी घाल. पाणी उतरलं आणि ईसीही उतरला तर भूक लागलीये, खताचं पाणी घाल. पाणी उतरूनही ईसी तसाच राहिला तर तुझं माप जमलं. उन्हं वाढली की झाड पाणी जास्त ओढतं, म्हणून फेब्रुवारीनंतर मी पालकही दीडच्या खाली ठेवते.

पीएच. याचा सेन्सर घेऊ नकोस. सांगते का.

काचेचा प्रोब कायम पाण्यात ठेवायची वस्तू नाही, निदान आपल्या बजेटमधली तरी. दर दोन-तीन आठवड्यांनी बफरमध्ये (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणात) तपासावा लागतो, वर्ष-दीड वर्षात म्हातारा होतो आणि कोरडा पडला की गेलाच. त्याला 3 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवायचं असतं, म्हणजे 100 मिलीत सव्वाबावीस ग्रॅमच्या जवळपास. माझा पहिला प्रोब मी स्वच्छ राहावा म्हणून आरओच्या पाण्यात ठेवला आणि महिन्याभरात मारला. शिवाय ईसी आणि पीएच एकाच बादलीत एकाच बोर्डाला जोडले की ईसीचा प्रवाह पाण्यातून पीएचच्या प्रोबला चिमटे काढतो. आकडा सहज एका अंकाने सरकतो.

याच कारणाने माझं एक अख्खं पीक गेलं. मी तेव्हा आपोआप आम्ल टाकणारा छोटा पंप लावला होता, मोठ्या फुशारकीने. ईसीच्या त्रासाने पीएच 7.4 दिसत होता, खरा होता 6 च्या जवळ. पंप रात्रभर थेंब थेंब फॉस्फोरिक आम्ल सोडत राहिला. सकाळी बफरने तपासून मोजलं तर 3.6. मुळं आंब्याच्या लोणच्यासारखी झाली होती. तेव्हापासून माझ्या स्लॅबवर सेन्सर सांगतो आणि माणूस टाकतो. आपोआप टाकणारा पंप तुझ्या यादीतून मी या अनुभवावरून कापतेय, तुझ्या प्रोग्रामिंगवर शंका म्हणून नाही.

तुझ्यासाठी अॅक्वेरियमच्या दुकानातलं थेंबांचं किट पुरे. आई आठवड्यातून एकदा चमच्याभर पाण्यात तीन थेंब टाकेल. पिवळं आलं तर 6 किंवा त्याखाली, हिरवट आलं तर 7 च्या जवळ, निळं आलं तर त्याहून वर. आपल्याला 5.5 ते 6.5 हवं, म्हणजे पोपटीकडे झुकणारं पिवळं. 6 च्या खाली सगळं सारखंच पिवळं दिसतं, ही त्याची मर्यादा. गडबड वाटली तरच पीएचचं पेन वापर. कोऱ्या पावसाच्या पाण्याचा पीएच मोजत बसू नकोस, त्यात धरून ठेवणारं काही नसल्याने आकडा नाचतो. खत घातल्यावर मोज. बोअरचं पाणी मिसळलंस तर उलटा त्रास: त्यातलं बायकार्बोनेट पीएच पुन्हा पुन्हा वर ओढतं. आज आम्ल घालून 6 केलंस तर परवा 7. लिंबू पिळून भागेल असं आई म्हणेल. एक दिवस भागतंही, पण सायट्रिक आम्ल जिवाणू खाऊन टाकतात.

आता जोडणी. सेन्सर वाचून वायफायने आकडे पाठवणारा ईएसपी32 बोर्ड घे, पण दोन गोष्टी ध्यानात ठेव. वायफाय चालू असताना त्याच्या एडीसी2 गटातल्या पिना अॅनालॉग (कमी-जास्त होणारा व्होल्टेज) मोजत नाहीत, म्हणून टीडीएस 32 ते 39 मधल्या पिनेवर लाव. आणि त्याचं मोजमाप दोन्ही टोकांना वाकडं असतं, तेव्हा दहा-पंधरा वेळा मोजून मधला आकडा घे. गावात इंटरनेट राउटरवर असेल तर राउटर आणि ईएसपी32 दोन्ही चालवणारा छोटा डीसी यूपीएस घे. माझ्या मते सगळ्या खरेदीत सगळ्यात कामाची वस्तू तीच. साधी पॉवर बँक लावशील तर फारच कमी प्रवाह पाहून ती झोपी जाते. राउटर नसेल आणि सिमवालं मॉड्यूल घ्यायचं मनात असेल तर बाजारातलं स्वस्त एसआयएम800एल 2जी वर चालतं. जिओचं 2जी नाहीच, त्यामुळे ते सिम त्यात मुकं राहतं. दुसरं सिम लागेल, आणि 2 अँपिअरचा झटका देऊ शकणारा वीजपुरवठाही.

आकडे दर पंधरा मिनिटांनी थिंगस्पीकसारख्या फुकट सेवेवर टाक, त्याहून जास्त वेगाची काही गरज नाही. पण मोबाईलवर आलेख दिसला म्हणजे देखरेख झाली असं नाही. मेसेज तुला येऊन काय कामाचा? तो आईपर्यंत पोचला पाहिजे, आणि इंटरनेट नसताना. म्हणून ईएसपी32 ला एक लाल दिवा आणि एक बझर जोड आणि दिवा स्वयंपाकघराच्या खिडकीत आण. फ्लोट पडला तर दिवा. पाणी 30 च्या वर सलग वीस मिनिटं राहिलं तर दिवा आणि एक लहान बीप. सलग हा शब्द महत्त्वाचा. क्षणभराच्या उडीवर बोंबलणारा बझर असेल तर आई तिसऱ्या दिवशी प्लग काढून ठेवेल आणि मी तिच्याच बाजूने असेन.

तुला पुण्यात एकच सूचना हवी: पाऊण तासात काहीच आकडा आला नाही, तर. मेलेला सेन्सर तक्रार करत नाही, गप्प बसतो, आणि शेवटचा चांगला आकडा स्क्रीनवर दिवसभर हसत राहतो. ती सूचना आली की आईला फोन कर, दोन मिनिटांत कळेल की लाईन गेली, वायर वांदरांनी ओढली की डब्यात मुंग्यांनी घर केलं. तिन्ही माझ्याकडे झालंय. डबा पाणी न शिरणारा घे, वायरी खालून आत घाल, वरून नाही, आणि वायर एका जागी घट्ट बांध म्हणजे माकडाने हिसकली तरी बोर्ड सोबत जाणार नाही. जूनमध्ये ढग गडगडायला लागले की सगळा प्लग काढायचा.

पैशांचा हिशोब साधारण असा बसतो. ईएसपी32 पाचशे, तीन तापमान सेन्सर चारशे, दोन फ्लोट दोनशे, टीडीएस बोर्ड सातशे, तपासायला टीडीएस पेन पाचशे, थेंबांचं किट दोनशे, दिवा-बझर-डबा-वायर पाचशे, छोटा यूपीएस बाराशे. बेचाळीसशे झाले. उरलेल्या अठराशेत बादल्या, जाळीचे कप आणि खतं. दर इकडे तिकडे होतील. कमी पडलं तर टीडीएस बोर्ड वगळ, पेन वगळू नकोस.

यातलं काही घ्यायच्या आधी एक काम कर. बोअरचं पाणी बाटलीत भरून जिल्ह्याच्या माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत दे. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भर. ईसी, सोडियम आणि बायकार्बोनेट हे तीन आकडे आले की मला कळव, पावसाच्या पाण्यात किती बोअरचं चालेल ते काढून देते. आणि आईला जळालेल्या पानांचं विचारायला विसरू नकोस.